जोडसायकलीची मागची सीट

तुमची सायकल तेराव्याच्या दिवशी गेली. खाट, गादी, छत्री, जोडा, तांब्याभांडं आणि पितळी कंदील यांच्या ओळीत तिला अंगणात उभी केली होती. उभी कसली, खांबाला टेकवली होती. एवढी लांब गाडी, ती शय्यादानाच्या सामानात मावेना. पुढचं चाक तुळशीकडे आणि मागचं पार गोठ्याच्या दाराशी. जांबचे महाराज पाटावर बसले होते, त्यांच्यासमोर तुमचे थोरले भाऊ. मी आतल्या खोलीच्या खिडकीतून बघत होते, कारण आता माझी जागा तीच.

गेलेल्या माणसाला वाटेत जे जे लागेल ते दान करावं, म्हणजे ते त्याला पोचतं, असं आपल्याकडे मानतात. सायकल द्यायची हे तुमच्या आईनं, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. म्हणाल्या, "त्याचा जीव व्हता त्या गाडीत. पायी कुठवर जाईल माझं लेकरू?" आईच्या तोंडचं बोलणं, त्यावर काय बोलायचं? तरी मी बोलले. या घरात आल्यापासून आत्याबाईंना उलट शब्द दिला नव्हता, तो तुम्ही गेल्यावर दिला.

"ती गाडी अर्धी माझी हाय," मी म्हटलं. "द्यायची न्हाई."

आत्याबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि समजुतीनं विचारलं, "नवऱ्याची वस्तू अन् बायकोची वस्तू निराळी ऱ्हाती व्हय, बाई?" झालं. दुःखानं डोकं फिरलंय हिचं, असं समजून सगळ्यांनी मला माफ करून टाकलं. न केलेल्या गुन्ह्याची माफी मिळण्यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

महाराजांनी संकल्प सोडताना पुढच्या सीटवर सुपारी ठेवली. मग त्यांची नजर मागं गेली. बिचाऱ्यांनी आयुष्यात असली गाडी पाहिली नव्हती. हे मागं आणखी पायडल कशासाठी, असं त्यांनी भाऊजींना विचारलं. तेव्हा ओसरीवरून आत्याबाईंनीच उत्तर दिलं, "ते मागच्याला पाय ठेवायला."

ऐकलंत? पाय ठेवायला. तुम्ही तिथं असता तर काय केलं असतं तेही मला ठाऊक आहे. मिशीत हसला असता आणि काही बोलला नसता. आपलं भांडण एवढंच होतं हो. आणि ते तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात.

आता मला कोणी बोलू देत नाही, म्हणून लिहिते. तुमच्याशी तरी बोलायला परवानगी लागू नये.

पोलीस ॲक्शन होऊन मुलूख जरा शांत झाला आणि पुढच्याच साली तुम्ही लँकेशायरला सूतगिरणीची यंत्रं शिकायला गेलात. वर्षभरानं मला बोलावून घेतलंत. परतूरच्या पलीकडे न गेलेली बाई मी, बोटीत बसून थेट विलायतेला. तिथं गेल्यावर पहिले सहा महिने मी खिडकीतून पाऊस बघितला. धूर, पाऊस, विटांची एकसारखी घरं. साखर रेशनवर, ऊन तर रेशनवरसुद्धा नाही. तुम्ही कामावर गेलात की मी एकटी. कधी कधी मोठ्यानं मराठीत बोलायची, आवाज ऐकू यावा म्हणून.

शेजारी एक म्हातारा-म्हातारी राहायचे. त्यांची ही सायकल. म्हाताऱ्याचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी ती तुम्हाला देऊन टाकली. दोन सीटा, दोन हँडलं, चार पायडलं. मी म्हटलं, ही काय सायकल की बैलगाडी? तुम्ही म्हणालात, बस तर खरं. म्हातारी फाटकाशी उभी होती. मला इंग्रजी येत नव्हतं तसं फारसं, पण तिनं जे सांगितलं ते मला बरोबर समजलं. नवऱ्याकडे बोट दाखवून तिनं मान हलवली, मग माझ्या पायांना हात लावून बोटानं गोल गोल फिरवून दाखवलं. पुढचा माणूस कधी कबूल करत नाही, तू आपली फिरवत राहा. बायकांना असलं काही समजायला भाषा लागत नाही.

लुगड्याचा काष्टा घट्ट मारला की सायकलीवर बसायला त्याच्यासारखा दुसरा पोशाख नाही. तिकडच्या बायकांचे झगे साखळीत अडकायचे, वाऱ्यानं उडायचे. माझं लुगडं जागचं हलायचं नाही. खाली तुमचे लोकरीचे मोजे, वर तुमचा जुना कोट. रविवारी सायकलवाल्यांच्या टोळीत गेलो की सगळ्या बाया माझा काष्टा वळून वळून बघायच्या. एकीनं तर कसा नेसतात ते शिकून घेतलं. घरी जाऊन तिनं त्याचं काय केलं देव जाणे.

मागच्या माणसाला रस्ता दिसत नाही. मागचं हँडल नुसतं धरायला असतं, त्यानं चाक वळत नाही. ब्रेकही तुमच्याच हातात. मी विलायत पाहिली ती तुमच्या पाठीच्या दोन बाजूंनी. डावीकडे दगडी कुंपण आणि मेंढ्या, उजवीकडे दगडी कुंपण आणि मेंढ्या, मधोमध तुमचा तपकिरी स्वेटर, खांद्याखाली मी रफू केलेला. समोर काय आहे ते तुम्ही सांगाल तेवढं. "चढ आला", "खड्डा हाय", "आता उतार, धर घट्ट". ओल्या उतारावर ब्रेक लागेना, गाडी सुसाट सुटायची, आणि मी डोळे मिटून तुमच्या भरवशावर. वळण गेलं की तुम्ही मागं न बघता विचारायचात, "हाईस का मागं?" मी म्हणायची, "हाय की." जायची कुठं?

शनिवारी संध्याकाळी गाडीची सेवा. साखळ्या काढून रॉकेलमध्ये बुडवायच्या, सीटच्या चामड्याला मेण चोळायचं, दिव्याची बॅटरी बघायची. पंक्चर काढताना ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडा शोधायचं काम माझं. मग तुम्ही पॉलिश पेपरनं घासून सोल्युशन लावायचात आणि म्हणायचात, हे वाळेस्तोवर कुणी बोलायचं न्हाई. तुम्ही गप्प बसलेले मी तेवढ्याच वेळी पाहिले. म्हणजे, तेव्हा तसं वाटायचं.

त्या गाडीला दोन साखळ्या होत्या. तुमच्या पायडलची साखळी चाकाला जात नव्हती, ती माझ्या पायडलला यायची. चाकाला जायची ती माझ्याकडची. तुमचा सगळा जोर माझ्या पायांशी येऊन मग चाकाला लागायचा. चारही पाय एकदम फिरायचे, एक थांबला की सगळे थांबायचे. त्यामुळे मागचा माणूस जोर लावतो आहे की नुसतेच पाय फिरू देतो आहे, हे पुढच्याला दिसायचं काही साधन नाही. दिसत नाही, पण समजतं. समजत नसेल असं मला कोणी सांगू नये.

चढ चढून वर गेलं, की दम खात तुम्ही ठरलेलं वाक्य टाकायचात, "आज एकट्यानंच वढली मी. तू मागं बसून हवा खाऊन राह्यलीस." मी चिडायची. पोटऱ्या दुखून रात्री झोप यायची नाही, आणि म्हणे हवा खात होते. मी जितकी चिडायची तितकं तुम्हाला हसू यायचं, आणि तुमचं बघून मलाही. त्या माळांवर, पावसात भिजत, आपण किती हसलो. या घरात मी तोंडाला पदर न लावता कधी हसले नाही, तिथं हसले. ते तुम्ही दिलंत. त्याबद्दल तुमचे उपकार मानते, हेही तुम्ही असताना म्हटलं नाही. चिडण्यातून वेळ मिळाला नाही.

एकदा मला ताप आला होता. औषध पलीकडच्या गावात मिळायचं आणि मधे तो मोठा चढ. घरात दुसरी गाडी नव्हती, म्हणून तुम्ही तीच घेऊन एकटे गेलात. आलात ते भिंतीला धरून. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, तोंडून शब्द निघेना. दोन पेले पाणी प्यायलात, माझ्याकडे बघितलंत, आणि नजर वळवून म्हणालात, "उलटा वारा सुटल्ता आज."

खिडकीतून म्हातारीच्या परसातली दोरी दिसत होती. तिच्यावर चादर वाळत होती. तिचा कोपरासुद्धा हलत नव्हता. तुम्हीही ती पाहिलीत. एवढ्यावर आलेच आहेत, आज ना उद्या सरळ तोंडानं म्हणतील, असं मनात म्हटलं आणि कूस बदलून झोपले. त्या आशेवर मी इतकी वर्षं काढली.

मग आपण परत आलो. परतूरच्या स्टेशनवर गार्डच्या डब्यातून सायकल उतरवताना हमालांची झालेली तारांबळ आठवते? घरून बैलगाडी आली होती. ट्रंका गाडीत चढवल्यात, मलाही गाडीत बसवतील असं वाटलं, तर तुम्ही टायरं दाबून बघितलीत आणि म्हणालात, "चल."

अहो, तो रस्ता. ज्वारी उभी होती दोन्ही बाजूंना. निंदणाऱ्या बाया कंबरेवर हात देऊन उभ्या राहिल्या, कोणी कोणाला हाका मारल्या, एक म्हातारा बैल सोडून बांधावर आला. मी काष्टा मारूनच होते. तुम्ही ओरडून सांगत होता, "नाला हाय", "गाडीची चाकोरी हाय, सांभाळ", आणि मी आपल्या मुलखात, आपल्या उन्हात जोर लावत होते. मला वाटलं, आता हे असंच. तिकडं जे होतं ते इथंही राहील. इतकी सुखी मी त्याआधी नव्हते, आणि नंतरचं तर सोडाच.

वेशीपाशी मारुतीचा पार दिसला आणि तुम्ही ब्रेक दाबला. मागं न बघता म्हणालात, "उतर."

मी उतरले. पदर डोक्यावर घेतला. तिथून घरापर्यंत तुम्ही गाडी ढकलत पुढं आणि मी चार पावलं मागं. त्यानंतर त्या सीटवर मी कधी बसले नाही. तुम्ही मनाई केली असती तर भांडले तरी असते. तुम्ही मनाई केली नाहीत, फक्त विषय काढला नाहीत.

कापसाच्या कोठीत दोराला बांधून ती वर टांगली. बाभळीच्या काट्यांनी ट्यूबा चाळणी झाल्या होत्या, त्या मापाची टायरं नव्या जालन्यातल्या एकाही दुकानात मिळेनात. दसऱ्याला मात्र तुम्ही तिला खाली घ्यायचात. दोन्ही साखळ्यांना तेल, दोन्ही हँडलांना झेंडू. मी दोन्ही सीटांना हळदीकुंकू लावायची. मग परत वर.

माझी कूस उजवली नाही, त्याचंही खापर तिच्यावर फुटलं. पायडल मारून मारून हिची कूस वाळली, असं आत्याबाई आल्यागेल्याला सांगायच्या. आणि त्याच आत्याबाई दुसऱ्याला सांगायच्या, माझ्या लेकानं बायकोला मागं बसवून सगळी विलायत फिरवली. अहो, दोन्हीतलं एक काही तरी ठरवा. नुसती बसले असेन तर कूस वाळली कशी? आणि पायडल मारून वाळली असेल, तर मग गाडी कोणी ओढली? हे मी एकदा तुम्हाला विचारलं. तुम्हाला खूप हसू आलं. मला आलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं नसावं.

जालन्याचे सरकीवाले शेठ एकदा बैठकीत आले होते. मी पडद्यामागं चहा घेऊन उभी. शेठनी कौतुकानं विचारलं, बाईमाणसालाबी सायकलीवर फिरवलं म्हणतात तिकडं तुम्ही? आणि तुम्ही म्हणालात, "हां, फिरवलं की. बिलकुल."

फिरवलं. पाहुणे गेल्यावर मी तुम्हाला कोठीच्या दारात गाठलं. म्हटलं, मी फिरले का मला फिरवलं? तुम्ही म्हणालात, "लोकांला काय समजतंय त्यातलं. तुला माहीत हाय, मला माहीत हाय. बास झालं."

"तुम्हाला काय माहीत हाय," मी म्हटलं, "ते एकदा तोंडानं सांगा."

तुम्ही वर टांगलेल्या सायकलीकडे बघितलंत. ओठ हलल्यासारखे वाटले. मग खुंटीवरची टोपी घेतलीत, म्हणालात, "सांगतो की कधी," आणि शेताकडे निघून गेलात.

जगाला समजावं असा माझा हट्ट नव्हता. भाऊजींना, शेठना, महाराजांना समजून माझं काय भलं होणार होतं? माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या अंगानं केलेली एकच गोष्ट होती, आणि तिचा साक्षीदार सगळ्या दुनियेत एकच माणूस. तोही माझ्याकडे पाठ करून बसलेला. तुम्ही गेलात आणि ती गोष्ट झालीच नाही असं झालं. आता मी कितीही सांगितलं तरी ती एका विधवेची बडबड. उद्या म्हातारी होईन, माझं मलाही वाटायला लागेल, की खरंच पाय नुसते ठेवलेलेच होते की काय.

दान झाल्यावर महाराज गाडी घेऊन निघाले. ढकलता येईना, टायरं कुजलेली; शेवटी आपल्याच बैलगाडीत घालून पोचवली. जाताना ते भाऊजींना म्हणत होते, एवढं लांबडं काय करायचं, जालन्याला नेऊन मागचं काढून टाकतो आणि एकाची करून घेतो. मी खिडकीतून ऐकलं. मागचं काढलं की पुढचं पायडल नुसतं हवेत फिरेल, हे ओरडून सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. त्यांचं त्यांना समजेल. न समजलं तरी माझं काय जायचं राहिलं आहे?

दिलेलं पोचतं म्हणतात. मला त्याचाच घोर लागला आहे. पोचली असेल तर कशी पोचली, अख्खी की कापलेली? कापलेली असेल तर ती जागची हलणार नाही. अख्खी असेल तर पुढं तुम्ही आणि मागं कोणी नाही, आणि वर तर चढच असणार. आत्याबाईंना वाटतं, लेकाची पायपीट वाचवली. त्या माउलीला कसं सांगू, की तिनं तुमच्या गळ्यात केवढं ओझं बांधून दिलं ते.

तुम्ही गेलात त्या दुपारचं मी कोणाला सांगितलेलं नाही. छातीत पाणी झालं होतं, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. जालन्याच्या डॉक्टरांनी बसवून ठेवायला सांगितलं होतं. उशा सरकायच्या, म्हणून मी भिंतीला टेकून बसले आणि तुम्हाला माझ्या अंगावर टेकवून घेतलं. समोर तुमची पाठ, दोन बाजूंनी थोडी थोडी खोली. किती वर्षांनी मी तशी बसले होते. आत्याबाई देवापाशी होत्या, भाऊजी डॉक्टरांना आणायला गेले होते. प्रत्येक श्वास तुम्ही ओढून ओढून आणत होता, आणि तो मला माझ्या छातीवर समजत होता. समजतंच हो पाठीवरून. मागच्याला समजतं तर पुढच्याला का समजू नये?

तुम्ही मान न वळवता विचारलंत, "हाईस का मागं?"

"हाय की," मी म्हटलं.

"उलटा वारा सुटलाय गं," तुम्ही म्हणालात. आणि जरा थांबून, "लाव ना जोर. तू लावल्याबिगर चढत न्हाई."

माझ्या सगळ्या जन्माचं मागणं तुम्ही त्या एका वाक्यात देऊन टाकलंत. मला ते हवं होतं, पण असं नाही. मी तुमच्या पाठीला कवटाळलं, पाय जमिनीला घट्ट रोवले, दात आवळले. पण कुठं लावायचा होता जोर? तिथं पायडल नव्हतं. तुम्ही एकटेच चढत राहिलात, चढत राहिलात, आणि मग थांबलात.

आत्याबाईंचं म्हणणं तेवढ्या दुपारपुरतं खरं झालं. तेव्हा मी तुमच्या मागं नुसती बसलेली होते.